शरणागतीचे बळ

नाताळच्या पानासाठी पंचवटीतील एका कीर्तनकाराकडे लेख मागावा, ही संपादकांची कल्पना ऐकून प्रथम आमच्या घरातच हसू उमटले. रामकुंडावर स्नानसंध्या करणाऱ्याने आणि काळारामापुढे झांज हाती घेणाऱ्याने येशूच्या जन्मोत्सवावर काय लिहावे? परंतु संपादकांनी विषय सांगितला, आणि तो आमच्या व्यवसायाच्या इतका जवळचा निघाला की नकार देणे जमले नाही. सेवा करणाऱ्याने ती कोणाच्या बळावर करावी, आपल्या की देवाच्या, असा तो प्रश्न आहे. ख्रिस्ती मंडळींत यावर पुष्कळ लिहिले-बोलले गेले आहे. आमच्यातही कमी नाही. मात्र दोन्हीकडे या प्रश्नाचे उत्तर फार लवकर दिले जाते, अशी आमची तक्रार आहे.

पंचवटीतून होळकर पूल ओलांडून गावात यावे आणि पश्चिमेकडे निघावे, म्हणजे शरणपूर रस्ता लागतो. आज तो दुकानांचा, दवाखान्यांचा आणि वाहनांच्या गर्दीचा रस्ता आहे. रोज हजारो नाशिककर त्याचे नाव घेतात. त्या नावात 'शरण' हा शब्द आहे हे क्वचितच कोणाच्या ध्यानी येत असेल. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास चर्च मिशनरी सोसायटीने येथे ख्रिस्ती वसाहत वसविली. गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या गलबतांतून सोडविलेली आफ्रिकी मुलेही येथे आणली गेली. ती येथे अक्षर शिकली, सुतारकी आणि लोहारकी शिकली. आईबाप नाहीत, गाव नाही, भाषा परकी, अशी ही मुले आमच्या गोदावरीच्या काठी वाढली, याची आठवण नाशिकच्या इतिहासात फार थोडी जागा व्यापते.

त्यांतील काही तरुण १८७२ मध्ये डॉ. लिव्हिंग्स्टन यांच्या साह्यासाठी पाठविलेल्या तुकडीत आफ्रिकेला गेले. १ मे १८७३ रोजी, आजच्या झांबियातील एका खेड्यात, लिव्हिंग्स्टन वारले. बरोबरच्या माणसांनी तेथेच मूठमाती देऊन आपापली वाट धरली असती, तर त्यांना कोणी बोल लावला नसता. कोणाचा हुकूम नव्हता आणि वेतनाचीही खात्री उरलेली नव्हती. सुसी आणि चुमा या जुन्या सेवकांनी पुढाकार घेतला. नाशिकचा विद्यार्थी जेकब वेनराइट याने प्रार्थना म्हटली, धन्याचे हृदय झाडाखाली पुरले गेले आणि वाळविलेला देह खांद्यावर घेऊन ही मंडळी सुमारे नऊ महिने चालत समुद्रकिनाऱ्यास पोहोचली. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत झालेल्या अंत्यविधीला वेनराइट हजर होता. त्या वाटचालीत या लोकांच्या मनात काय होते ते आम्ही सांगू शकत नाही. त्यांच्याकडे स्वतःचे म्हणावे असे बळ काही नव्हते आणि त्यांनी जे केले ते अंगमेहनतीचे काम होते, एवढे दिसते. तेव्हा 'देवाच्या बळावर विसंबणे' म्हणजे हात जोडून बसणे, असे ज्यांना वाटते, त्यांनी शरणपूरच्या रस्त्याने एकदा ही गोष्ट मनात घोळवीत चालावे.

शास्त्रकारांना हा पेच नवा नाही. आमच्या वैष्णव आचार्यांत यावरून दोन तट पडले. माकडिणीचे पिलू आईच्या पोटाला घट्ट धरून राहते. धरण्याचे श्रम त्याचे असतात. मांजरीचे पिलू काहीच करीत नाही. आई त्याला तोंडात धरून नेते. यास मर्कटकिशोरन्याय आणि मार्जारकिशोरन्याय म्हणतात, आणि रामानुजांच्या परंपरेत यावर पिढ्यान्पिढ्या वाद झाले. ख्रिस्ती जगात पाचव्या शतकात ऑगस्टीन आणि पेलेजियस यांच्या पक्षांत झालेला वाद जातीने याच्याच जवळचा. वाल्मीकींनी तर अयोध्याकांडात प्रत्यक्ष दोघा भावांतच हा तंटा लावून दिला आहे: वनवास हे दैव म्हणून राम शांत राहतो, तर दैवाचे नाव दुबळ्यांनी घ्यावे असे म्हणून लक्ष्मण धनुष्याला हात घालतो. पंचवटीत राहणाऱ्यास दोघांचीही बाजू घ्यावी लागते, कारण येथे पर्णकुटी बांधली ती लक्ष्मणाने.

पण पोथीतील वाद पोथीत राहो. माणसे काय करतात ते पाहावे. या बाबतीत आम्हांस सर्वांत आधी पंडिता रमाबाई आठवतात. आणि त्याला एक कारण आमच्या धंद्याचे आहे. रमाबाई पुराणिकाच्या कन्या होत्या आणि स्वतःही पुराण सांगत असत. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी मुलीला संस्कृत शिकविले. हे कुटुंब तीर्थोतीर्थी हिंडत, पुराण सांगत, मिळेल त्या दक्षिणेवर जगत असे. दुष्काळ आला. शिल्लक होती ती अनुष्ठानांत आणि दानधर्मात गेली. देव प्रसन्न होईल आणि संकट टळेल ही आशा होती. देव त्या प्रकारे प्रसन्न झाला नाही. आईवडील आणि बहीण अन्नावाचून झिजून गेली. रमाबाईंनी पुढे हे अनुभव स्वतः लिहून ठेवले आहेत, आणि कीर्तनकाराने ते वाचताना मान खाली घालावी असे ते आहेत. देवावर भार टाकल्याचे समाधान होते, आणि प्रत्यक्षात देवाशी चाललेला तो व्यवहार होता: इतके अनुष्ठान, त्याचे इतके फळ.

म्हणून पुढे याच बाई जेव्हा 'देवाच्या भरवशावर' काम करू लागल्या, तेव्हा तो भरवसा कोणत्या जातीचा होता हे नीट पाहिले पाहिजे. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन काढले, पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. त्याला बोस्टनच्या एका मंडळीने दहा वर्षांच्या मदतीचा शब्द दिलेला होता. हे सर्व रीतसर होते. मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात जाऊन रमाबाईंनी सुमारे तीनशे मुली व स्त्रिया आणल्या. बोस्टनचा शब्द या मुलींसाठी नव्हता. पुण्यात प्लेगचे नियम आडवे आले, म्हणून त्यांना केडगावच्या माळावर न्यावे लागले. १९०० च्या सुमारास, गुजरातच्या दुष्काळानंतर, केडगावच्या मुक्तिसदनातील माणसांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली होती. दोन हजार माणसांचे दोन वेळचे जेवण! ज्याने कधी सप्ताहाचा भंडारा उरकला असेल त्याला या आकड्याचे वजन कळेल.

रमाबाईंनी ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलर यांचे चरित्र वाचले होते. म्यूलर हजारो अनाथ मुलांचा सांभाळ करीत आणि कोणा माणसाजवळ पैसा मागत नसत. गरज देवापुढे मांडीत. पण हेच म्यूलर वर्षाच्या वर्षाला पै-पैचा हिशेब छापून प्रसिद्ध करीत, ही दुसरी अर्धी गोष्ट आमच्याकडे सांगितली जात नाही. मुक्तिसदनाचेही तसेच. तेथे शेती होती, दुभती जनावरे होती, माग होते, तेलाचा घाणा होता, छापखाना होता, अंध मुलींना ब्रेल शिकविण्याची सोय होती. पहाटेची प्रार्थना झाली की विहिरीवर आणि मागावर हात चालू. आयुष्याची अखेरची दीड दशकाहून अधिक वर्षे या बाईंनी हिब्रू आणि ग्रीक या भाषा आत्मसात करून मूळावरून मराठी बायबल सिद्ध करण्यात घालविली. शरीर थकलेले, कानांनी साथ सोडलेली. जुलै १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या. संपूर्ण ग्रंथ मुक्तिसदनाच्या छापखान्यातून १९२४ मध्ये बाहेर पडला. व्याकरणाचे रूप चालविताना एक प्रत्यय अडला तर आम्ही आठवडाभर कोश उलटीत बसतो. साठीला आलेल्या बाईने हिब्रूचे धातू चालविणे म्हणजे काय, याची आम्हांस थोडी कल्पना आहे. देवावर विसंबल्याने त्यांचे श्रम कमी झाले नाहीत. वाढले. कमी झाली ती एक गोष्ट, 'हे माझ्याने होईल का' ही धास्ती.

येथवर लिहिले आणि आमची आम्हांलाच शंका आली. रमाबाईंचे काम टिकले, वाढले, केडगावला आजही चालू आहे. अशी गोष्ट सांगणे सोपे असते. विश्वास ठेवला, देवाने पुरवले, टाळी वाजली. दामाजीपंतांचे आख्यान आम्ही गेली चाळीस वर्षे सांगत आलो आहोत. मंगळवेढ्यास दुष्काळ पडला, पंतांनी बादशहाची धान्याची कोठारे भुकेल्यांसाठी उघडली, बेदरहून पकडून न्यावयास शिपाई आले. आणि पंत दरबारी पोहोचण्याआधी विठ्ठलाने विठू महाराचे रूप घेऊन सगळी रक्कम मोजून पावती घेतली. पावतीचा प्रसंग आला की पेटीवाले सूर चढवितात, बायका डोळ्यांना पदर लावतात. आम्हीही त्या अश्रूंवर खूश असतो. आरतीच्या तबकात त्या दिवशी चार पैसे अधिक पडतात, हेही आता लपविण्यात अर्थ नाही.

त्या आख्यानातून श्रोता घरी काय घेऊन जातो? चांगले काम करावे, देव हिशेब चुकता करतो, हे. म्हणजे पुन्हा अनंतशास्त्र्यांच्या घरातला तोच व्यवहार. शिवाय आणखी एक खटकते. देव ज्या महाराच्या रूपाने आला असे आम्ही रंगवून सांगतो, त्या महारांना आमच्या काळारामाच्या दारी २ मार्च १९३० रोजी आणि त्यानंतर जवळजवळ पाच वर्षे सत्याग्रह करूनही आत येऊ दिले गेले नाही. त्या वर्षांतही पंचवटीत दामाजीपंतांचे आख्यान रंगत असेलच. ज्यांनी दार लावून धरले ते देवाच्या नावाने धरीत होते, पण बळ त्यांचे स्वतःचे होते. असो. तो विषय मोठा आहे आणि त्यावर लिहिण्याचा अधिकार आमच्याहून इतरांचा अधिक आहे.

ज्या गोष्टीत पावती येत नाही, ती गोष्ट म्हणून आम्हांस अधिक मोलाची वाटते. ती रेव्हरंड नारायण वामन टिळकांची. नाशिकचा त्यांच्यावर हक्क आहे. संस्कृत ते येथे गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी शिकले, आणि लक्ष्मीबाई तर जवळच्याच जलालपूरच्या. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. धर्मांतराविषयी आमचे मत वेगळे आहे आणि ते येथे लपवीत नाही. लक्ष्मीबाईंचे त्या वेळचे हाल 'स्मृतिचित्रां'त ज्यांनी वाचले त्यांना ते सहज गिळता येणारही नाहीत. पुढे १९०० मध्ये त्याही स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या. टिळकांनी अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, धर्मशिक्षण दिले, 'ज्ञानोदया'चे मराठी अंग सांभाळले, ख्रिस्ती उपासनेला अभंग आणि भजन दिले. टाळ-मृदंगावर येशूचे नाव म्हणावयास मराठी ख्रिस्ती माणसाला लाज वाटू नये, ही त्यांची तळमळ होती. आम्ही कीर्तनकार म्हणून त्यांची पदे गाऊन पाहिली आहेत; ती गळ्यात बसतात, आणि मराठीत याहून मोठी शिफारस नाही.

१९१७ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षाच्या सुमारास, टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनचे काम सोडले. मिशनशी भांडण म्हणून नव्हे. परदेशी संस्थेच्या पगारावर उभी असलेली सेवा लोकांच्या काळजापर्यंत जात नाही, असे त्यांना वाटू लागले होते. ते ख्रिस्ती संन्यासी झाले, साताऱ्यास गेले आणि तेथे 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, जो कोणी येशूला गुरू मानील त्या सर्वांचा हा बंधुसंघ. पगार नाही आणि पाठीशी संस्थाही नाही. घरात उद्या चूल कशी पेटेल हा प्रश्न अर्थातच लक्ष्मीबाईंच्या वाट्याला. पुरुषांच्या शरणागतीचा खर्च पुष्कळदा घरातील स्त्री भरते, हे संतचरित्रांत आम्ही नेहमी हसण्यावारी नेतो. तुकोबांच्या जिजाऊला कर्कशा ठरवून आमच्या कितीतरी कीर्तनकारांनी लोकांना हसविले आहे, आम्हीही त्यांतलेच.

दरबाराचे पुढे काय झाले? दोन वर्षे झाली न झाली, तोच टिळक आजारी पडले, आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. दरबार त्यांच्यामागे उभा राहिला नाही. कोणी पावती घेऊन आला नाही. 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य आरंभीच्या मोजक्या अध्यायांवर थांबले होते. मग काय म्हणावयाचे? त्यांचा विश्वास कमी पडला? की देवाचे बळ साताऱ्यापर्यंत पोहोचले नाही? ख्रिस्ती साक्षींच्या पुस्तकांत आणि आमच्या संतकथांत सफल झालेल्यांचीच नावे असतात, म्हणून हा प्रश्न कोणी विचारीत नाही. आमचे मत असे आहे की रमाबाईंचा भरवसा आणि टिळकांचा भरवसा एकाच तोलाचा होता. एकाचे काम टिकले, दुसऱ्याचे टिकले नाही, यावरून देव कोणाच्या पाठीशी होता हे ठरविणे म्हणजे देवाला सावकाराच्या गादीवर बसविणे होय. नाताळची कथा तरी दुसरे काय सांगते? सर्व बळाचा धनी म्हणून ज्याची स्तुती करावयाची, तो गव्हाणीत पडला आहे, आणि त्याला अंगाभोवती गुंडाळावयास कापड कोणीतरी द्यावे लागते आहे.

'ख्रिस्तायना'चे पुढील चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाईने. १९३४ ते १९३६ या काळात 'स्मृतिचित्रे' भागाभागाने प्रसिद्ध झाली, आणि १९३६ मध्ये नाशिकलाच त्या वारल्या. टिळकांच्या दरबारासाठी त्यांनी कधी मोठी वाक्ये वापरली नाहीत. हाताशी आलेले अपुरे काम तेवढे पुढे नेले.

आमची स्वतःची एक गोष्ट सांगतो, आणि ती सांगताना संकोच वाटतो. पंचवटीत एका जुन्या वाड्याच्या ओसरीवर आम्ही संध्याकाळी फुकट संस्कृत शिकवीत असू. बारा-पंधरा मुले येत. वर्षे गेली, उमेद वाढली; जागा भाड्याने घ्यावी, ग्रंथ घ्यावेत, दोन शिक्षक ठेवावेत असे मनात आले. एका गृहस्थांनी देणगीचा शब्द दिला. त्या शब्दावर आम्ही पाटी रंगविली, आणि येईल त्याला सांगत सुटलो की ही रामाची पाठशाळा, राम चालवील. देणगी आली नाही. भाडे तुंबले, शिक्षक गेले, चौदा महिन्यांत पाठशाळा बंद पडली. आम्ही त्या गृहस्थांवर रागावलो, मग रामावर रागावलो. पाटी उतरविताना पहिल्यांदाच ध्यानात आले की तिच्यावर रामाच्या नावाहून आमचे नाव मोठ्या अक्षरांत होते. रंगाऱ्याने आपल्या मनाने तसे केले नव्हते. आम्हीच कागदावर काढून दिले होते.

दुसऱ्या संध्याकाळी एक मुलगा पुस्तक घेऊन दाराशी उभा राहिला. पाठशाळा बंद झाल्याचे त्याला कोणी कळविले नव्हते. त्याला परत पाठवावयास तोंड होईना. ओसरीवर बसवून नदी शब्द चालविला. तो पुढे दोन वर्षे येत राहिला, बहुधा एकटाच. त्या दोन वर्षांत आम्ही जितके नीट शिकविले तितके पाटी असताना शिकविले नव्हते. आता तो सातपूरच्या एका कारखान्यात पाळीवर काम करतो. रामनवमीला मोबाईलवर संस्कृतात शुभेच्छा पाठवितो. त्यांत विभक्तीची एक चूक ठेवलेली असते.

या नाताळात शरणपूरच्या एका स्नेह्यांनी आपल्या अंगणात आमचे कीर्तन ठेवले आहे. त्यांना ख्रिस्ती आख्यान हवे आहे, आणि नगरच्या बाजूच्या मराठी ख्रिस्ती मंडळींत कीर्तन टिळकांच्याही आधीपासून रुळलेले असल्याने त्यांना त्यात काही नवल वाटत नाही. पूर्वरंगात शरण या शब्दाचे निरूपण करावयाचे ठरले आहे. उत्तररंगात टिळकांचे आख्यान लावले आहे, साताऱ्यापर्यंत. दरबार मांडला, पगार सोडला, टिळक आजारी पडले, मुंबईस नेले, आणि वारले. तेथे कथा संपते. आमचे तबलजी म्हणाले, बुवा, शेवटी काहीतरी घडायला हवे, नाहीतर लोक उठतील कसे? त्यांचे म्हणणे खरे आहे. चाळीस वर्षे आम्हीच लोकांना तशी सवय लावली आहे. तरी पेटीवाल्यांना सांगून ठेवले आहे की शेवटच्या पदानंतर लगेच आरतीचा सूर धरू नये, जरा थांबावे.